चिमणीखालचा रविवार : गिरणगावातल्या टॉवरांच्या मॅनेजिंग कमिट्यांना खुले पत्र

चेअरमन, सेक्रेटरी, खजिनदार आणि सर्व कमिटी सभासद यांस,

सप्रेम नमस्कार.

लोअर परळ, करी रोड, चिंचपोकळी, वरळी, भायखळा या पट्ट्यात गिरण्यांच्या जागेवर जे टॉवर उभे राहिले, त्यांतल्या प्रत्येक कमिटीला हे पत्र आहे. एका सोसायटीचं नाव घालून लिहायचं मनात होतं. पण तिथे माझा मावसभाऊ रात्रपाळीला गेटवर असतो, त्याच्या नोकरीवर यायचं म्हणून नाव टाळलं. शिवाय चार ठिकाणी विचारल्यावर कळलं की नावाने काही फरक पडत नाही, रीत सगळीकडे एकच आहे.

रीत अशी. बारा तासांची ड्युटी, महिन्याचे तीस दिवस. महिना एकतीसचा असेल तर एकतीस. मे महिन्यात मावशीच्या वर्षश्राद्धाला तो गावी गेला. दोन खाडे झाले आणि पगारातून चार दिवसांचे पैसे गेले, कारण बदली माणूस आणायचा खर्चही त्याच्याच अंगावर. परत आल्यावर तो आणि त्याचे दोन जोडीदार सेक्रेटरींना भेटले. आठवड्याला एक सुटी द्या, एवढंच म्हणाले. सेक्रेटरी वाईट वागले नाहीत, पाणी विचारलं, बसा म्हणाले. मग हसत हसत बोलले, "अरे, रात्री दोन ते पाच तुम्ही झोपताच की! वेगळी सुटी कशाला पाहिजे?" आठ दिवसांनी केबिनमधली खुर्ची गेली. आता तो फुलझाडांच्या कठड्यावर टेकतो.

त्या कठड्यामागे गिरणीची जुनी चिमणी आहे. तुम्ही ती पाडली नाहीत, जपलीत, रात्री तिच्यावर निळे दिवे सोडता, माहितीपत्रकात तिचा फोटो छापता. चांगलं केलंत. पण सेक्रेटरींनी जे वाक्य हसत टाकलं, ते त्या चिमणीच्या ओळखीचं आहे. गिरण्यांची चौकशी करायला सरकारने नेमलेल्या फॅक्टरी कमिशनपुढे गिरणीमालक हेच सांगायचे. मजूर सलग काम करतो कुठे? मधेच बिडी ओढायला उठतो, हौदावर अंग धुतो, सावलीला जाऊन पडतो. विश्रांती तो आपली आपण घेतो, मग कायद्याने सुटी कशाला हवी? खुर्ची गेल्याचं मला एवढं लागलं नाही, हे वाक्य लागलं. म्हणून जरा मागून सांगते.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला मुंबईची पहिली कापड गिरणी चालू झाली. पैसा आला तो चीनशी चाललेल्या अफूच्या आणि कापसाच्या व्यापारातून, यंत्रं आली लँकेशायरहून, आणि माणसं आली रत्नागिरी, सातारा, पुणे या जिल्ह्यांतून. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी चालली. तिथला कापूस अडला, इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला, युद्ध संपताच बाजार कोसळला आणि भलेभले बुडाले. त्या पडझडीनंतर ज्यांच्याकडे पैसा उरला त्यांतले बरेच गिरण्यांकडे वळले. तोवर रेल्वे वऱ्हाड-खानदेशापर्यंत पोचली होती, १८६९ मध्ये सुएझचा कालवा उघडला, चीनमध्ये मुंबईच्या सुताला गिऱ्हाईक मिळालं. १८६५ च्या सुमारास दहाएक गिरण्या होत्या, शतक संपता संपता ऐंशीच्या वर गेल्या आणि त्यांत सत्तर हजारांवर माणसं राबत होती. मालकांनी आपला संघ १८७५ मध्येच बांधला. मजुरांच्या संघटनेचं नाव ऐकू यायला त्यानंतर नऊ-दहा वर्षं लागली.

कामाचा दिवस किती तासांचा, तर सूर्य असेल तितका. बहुतेक गिरण्यांत उजेडाची सोय नव्हती, म्हणून उजाडलं की चालू आणि मावळलं की बंद. थंडीत दिवस आखूड तेव्हा जरा सुसह्य, पण वैशाखात तेरा-चौदा तास भरायचे. मजुराकडे घड्याळ नाही. भोंगा वाजण्याआधी दारात पोचायचं, म्हणून माणसं रात्र असतानाच उठून निघायची. सूत तुटू नये म्हणून खात्यात हवा दमट ठेवत, खिडक्या बंद. कापसाची फुलकी नाकातोंडात. माझे वडील सत्तरच्या दशकात साचा खात्यात, म्हणजे मागांवर होते, त्यांच्याही कानात ती फुलकी बसायची. सुटीच्या सकाळी आई त्यांच्या कानात कोमट तेल सोडायची आणि ते चटईवर एका कुशीवर पडून डोळे मिटायचे. रविवार म्हटलं की मला तेच दिसतं. पण त्यांच्या आजोबांच्या वेळच्या गिरणीत असा रविवार नव्हता. सणाला गिरणी बंद, ती काय तेवढीच.

पहिला कायदा आला १८८१ मध्ये. त्याने सात वर्षांखालच्या पोरांना गिरणीत घ्यायला बंदी केली, सात ते बारा वयाच्या पोरांना दिवसाला नऊ तास आणि महिन्याला चार सुट्या ठरवल्या. पुन्हा वाचा : सात वर्षांचं पोर, नऊ तास, आणि ही सुधारणा. मोठ्या माणसांबद्दल, बायांबद्दल, कामाच्या तासांचा एक शब्द नाही. पोराला सुटी आणि आई कामावर, असली ती सुटी.

या कायद्यामागे सोराबजी शापुरजी बंगाली यांच्यासारखे कळवळ्याचे लोक होते, तसे मँचेस्टरचे गिरणीवालेही होते. मुंबईच्या स्वस्त सुताने त्यांचं पोट दुखत होतं, इथले तास कमी झाले की त्यांचा धंदा सावरणार होता. त्यामुळे आपल्याकडची देशाभिमानी वर्तमानपत्रं फॅक्टरी कायद्याच्या विरोधात गेली. त्यांचा संशय खोटा नव्हता, हे मला मान्य आहे. पण खात्यात उभ्या असलेल्या बाईला मँचेस्टरचा स्वार्थ आणि ताडदेवचा स्वार्थ यांतून निवड करायला कुणी सांगितलंच कसं, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

अशा वेळी नारायण मेघाजी लोखंडे मजुरांच्या बाजूने उभे राहिले. जन्म १८४८, ठाणे. रेल्वेत आणि पोस्टात काही काळ नोकरी, मग गिरणीत स्टोअरकीपर. म्हणजे मजुरांच्या इतक्या जवळ की खात्यात काय चालतं ते रोज दिसावं, आणि हातात लेखणी. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते. कृष्णराव भालेकरांनी पुण्यात १८७७ मध्ये काढलेलं 'दीनबंधु' हे पत्र बंद पडलं होतं, ते लोखंड्यांनी १८८० मध्ये मुंबईतून पुन्हा चालू केलं. इतर पत्रं मालकांची किंवा देशाची बाजू मांडत असताना 'दीनबंधु'त गिरणीच्या आतलं छापून यायचं.

१८८४ मध्ये सरकारने दुसरं फॅक्टरी कमिशन नेमलं. त्याच्यापुढे मजुरांचं म्हणणं जावं म्हणून लोखंड्यांनी २३ सप्टेंबरला परळच्या सुपारीबागेत सभा घेतली. तुमच्यातल्या कितीतरी जणांची गाडी रोज तिथूनच जात असेल. त्यातून जो अर्ज तयार झाला त्यावर साडेपाच हजार मजुरांच्या सह्या होत्या. मागण्या पाच. रविवारी सुटी. दुपारी अर्धा तास विसावा. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला बंद. आदल्या महिन्याचा पगार पंधरा तारखेच्या आत. आणि कामावर इजा झाली तर बरा होईपर्यंत पूर्ण पगार, कायमचा जायबंदी झाला तर पोटापाण्याची तजवीज.

चौथ्या मागणीपाशी मी नेहमी थांबते. तेव्हा गिरण्या पगार महिना महिना, कधी दीड महिना थकवून ठेवत. कामाचे पैसे मालकाकडे अडकलेले, म्हणून माणूस नोकरी सोडू शकत नाही आणि वाण्याच्या वहीतून सुटू शकत नाही. माझ्या भावाला एजन्सीकडून पगार मिळतो तो पुढच्या महिन्याच्या अठरा-वीस तारखेला. पंधरा तारीखसुद्धा त्याला अजून मिळालेली नाही.

तर तो अर्ज गेला आणि कागदांत पडून राहिला. पुढे १८८९-९० मध्ये पुन्हा उचल झाली. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजारांच्या आसपास मजूर जमले. तुमच्याकडे 'रेसकोर्स व्ह्यू' असलेल्या फ्लॅटला जास्त भाव असतो, ते हेच मैदान. त्या सभेत दोन कामगार बायका उठून बोलल्या. १८९० साली, दहा हजारांपुढे. घरून निघताना त्यांनी शेजारणीला काय सांगितलं असेल, पोरं कुणाकडे ठेवली असतील, असे फाटे माझ्या मनात फुटतात. सभेतून मालकांकडे अर्ज गेला आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली.

दरवर्षी दहा जूनला फोनवर एक मेसेज फिरतो. लोखंड्यांनी इंग्रजांशी लढून देशाला रविवार मिळवून दिला, असं त्यात असतं. मला तो पुढे पाठवणाऱ्यांचा राग येत नाही, निदान नाव तरी निघतं. पण त्यात एक गोष्ट सोयीस्कर झाकली जाते. सरकारी कचेऱ्या तेव्हाही रविवारी बंदच असत. सुटी मागायची होती ती गिरणीमालकांकडे, आणि मालक बहुतेक आपलेच होते : पारशी, भाटिया, खोजा, बगदादी ज्यू. दानधर्म करणारे, धर्मशाळा आणि इस्पितळं बांधणारे. त्यांच्यातला प्रत्येकजण दुष्ट होता असं मला वाटत नाही. सुटी म्हणजे बंद साचे आणि बंद साचे म्हणजे तोटा, एवढंच गणित ते करत. सेक्रेटरीही वाईट माणूस नाहीत, ते मी वर लिहिलंच आहे. रविवार हा खंडोबाचा वार, म्हणून मजुरांनी तोच मागितला असं आमच्याकडे जुने लोक सांगत. जेजुरीला जायचं तर रविवार मोकळा पाहिजे, हे कुणालाही पटावं.

लोखंड्यांच्या 'बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन'ला संघटना म्हणायचं की नाही, यावर अभ्यासकांत वाद आहे. सभासदांची यादी नाही, वर्गणी नाही, नियमावली नाही, निधी नाही. तुमच्या सोसायटीइतकीही कागदपत्रं नाहीत! सन सुद्धा कुणी १८८४ धरतात, कुणी १८९०. पण वर्गणीची पावती नसताना हजारो माणसं एका मैदानात येतात आणि मालकांचा संघ ठराव करतो, याला दुसरं नाव काय द्यायचं? १८९० च्या फॅक्टरी कमिशनवर सरकारने लोखंड्यांना सहसदस्य म्हणून घेतलं आणि १८९१ चा कायदा आला. आठवड्याची सुटी, दुपारची विश्रांती, बायकांना अकरा तासांची मर्यादा, मुलांचं किमान वय नऊ.

पुरुषांच्या तासांना मात्र त्या कायद्यातही हद्द नव्हती. पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्य मावळायची अडचणच संपली. १९०५ च्या सुमारास चौदा-पंधरा तास काम चालायचं. रविवारीही सकाळी यंत्रं पुसायला बोलावलं जायचं, म्हणजे एका हाताने दिलेलं दुसऱ्याने काढून घ्यायचं. शेवटी १९११ च्या कायद्याने कापड गिरणीतल्या पुरुषाच्या दिवसाला बारा तासांची मर्यादा आली. १९२२ च्या कायद्याने ती अकरावर आणि आठवड्याला साठ तासांवर आणली. तुमच्या गेटवर बारा गुणिले सात, चौऱ्याऐंशी तास होतात. तासांत आपण १९२२ च्या मागे, १९११ वरच उभे आहोत, आणि रविवार धरला तर १८९० च्याही मागे.

लोखंडे ते बारा तास बघायला राहिले नाहीत. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, लोक गावाकडे पळाले, ते मात्र रोग्यांच्या मदतीला राहिले आणि ९ फेब्रुवारी १८९७ ला प्लेगनेच गेले. पन्नाशीही झाली नव्हती. त्याच दिवसांत माणसं इतकी कमी पडली की गिरण्यांनी रोजच्या रोज रोख मजुरी द्यायला सुरुवात केली आणि नाक्यानाक्यावर मजुरांसाठी बोली लागली. महिनाभर पगार थकवल्याशिवाय गिरणी चालत नाही म्हणणाऱ्यांच्या गिरण्या तेव्हा व्यवस्थित चालल्या.

आता तुमच्या बाजूने जे म्हटलं जाईल, तेही लिहिते. मी ते तुमच्याच लॉबीत, सोफ्यावर बसून ऐकलं आहे.

"गार्ड एजन्सीचे आहेत, आमचे नाहीत." गिरणीतही मजूर मालकाचा नसायचा, जॉबरचा म्हणजे मुकादमाचा असायचा. कामावर घेणार जॉबर, काढणार जॉबर, त्याला दस्तुरी म्हणजे वरचे पैसे द्यायचे, बाई असेल तर नायकिणीला, म्हणजे बायांवरच्या मुकादमिणीला द्यायचे. मालक म्हणायचा, त्यांचं ते बघतील. एजन्सीचा सुपरवायझर ड्युटी लावायला काय घेतो, हे कधी गेटवर चहा घेऊन बसलात तर कळेल. पण बसणार कुठे, खुर्ची नाही. खासगी सुरक्षा रक्षकांसाठी महाराष्ट्रात १९८१ चा स्वतंत्र कायदा आहे, त्याखाली मंडळं आहेत. एजन्सीचं कंत्राट पुढे वाढवताना कमिटीने त्याची एकदा चौकशी केली तरी पुष्कळ होईल.

"त्यांनाच सुटी नको असते, डबल ड्युटी मागतात." यात खोटं काही नाही. माझा भाऊही मागतो. गावच्या घराचा हप्ता आहे, मुलीची फी आहे. पण सुटीचा पगार कापला जाणार हे माहीत असताना माणूस सुटी कशी मागेल? भरपगारी सुटी देऊन बघा आणि मग त्याला नको असेल तर मला सांगा. १८८५ मध्येही मालक कमिशनला सांगत होते की मजुरांची तक्रारच नाही. साडेपाच हजार सह्यांचा कागद तेव्हा कमिशनच्याच टेबलावर पडलेला होता.

"खर्च वाढेल." हा खरा मुद्दा, आणि याचं गणित मी मांडून ठेवलं आहे. तुमच्या सोसायटीत समजा सहा गार्ड आहेत. प्रत्येकाला आठवड्यातून एक दिवस सोडायचा तर सहा दिवस एकेक जागा रिकामी पडते. त्या सहा दिवसांसाठी एक सातवा माणूस पुरतो, आणि सातव्या दिवशी तो स्वतः घरी. सातव्याचा सगळा खर्च महिन्याला वीस हजार धरला आणि फ्लॅट दोनशे असले, तर फ्लॅटमागे शंभर रुपये. तुमच्या एका गाडीच्या पार्किंगला किती लागतात ते मला माहीत आहे, पण ते इथे काढत नाही.

रविवारच हवा असा हट्ट नाही. मंगळवार द्या, गुरुवार द्या. त्याला महिन्यातून चार दिवस सकाळी दहाला जाग यावी आणि उठून कुठे पळायचं नसावं, एवढंच.

तुमच्यापैकी काही जण म्हणतील, बाई, तुमच्या वडिलांची गिरणी गेली, त्याचा राग आमच्यावर का? तसं नाही. १९८२ च्या संपात आमच्या घरात काय झालं ते लिहायला बसले तर दुसरं पत्र होईल. जमीन कुणाला गेली, कशी गेली, याचा हिशेब तुमच्याकडे मागून उपयोग नाही, तुम्ही घर विकत घेतलंत. माझं मागणं फक्त गेटपुरतं आहे.

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. विषयपत्रिका काढाल तेव्हा 'सुरक्षा रक्षकांना आठवड्याची भरपगारी सुटी' हा विषय घ्या, लिफ्टच्या देखभालीच्या खालच्या नंबरावर घेतलात तरी चालेल. सभेची तारीख अजून ठरली नसेल तर २३ सप्टेंबर मोकळी आहे का बघा. आणि सभेची वाट न बघता खुर्ची परत ठेवा, तिला ठराव लागत नाही.

उत्तर लिहून गेटवर दिलंत तरी पोचेल. सकाळी आठला सुटल्यावर तो चाळीवरूनच जातो.

आपली,
ना. म. जोशी मार्गावरच्या चाळीतली एक शेजारीण